कऱ्ह्यातलं पाणी

असोदा, १६ डिसेंबर २०२४

हितेंद्र,

वर चिरंजीव लिहायचं असतं, आशीर्वाद लिहायचे असतात. हात गेला नाही. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, तेवढ्यात जेवढं येतं तेवढं लिहिते. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतोस. कागद निदान हातात घ्यावा लागतो. फाडायचा तर फाड, पण हातात घेऊन फाड.

तुझ्या संस्थेचं शिबिर झालं, तुम्ही गाड्यांत बसून निघून गेलात. मागे आमच्या शेताचं काय झालं ते येऊन बघ. केळीच्या बागेत पाण्याच्या बाटल्या. ठिबकची नळी कुणीतरी टाचेखाली चिरडली. तंबूचे खुंटे तसेच. कडुनिंबाला बांधलेला बॅनर अजून लोंबतोय, "सगळे आपले". तुझे बाबा रोज त्याच्याखालून जातात आणि मान वर करत नाहीत.

भरीत मात्र सगळ्यांना आवडलं. कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या, केळीच्या पानावर वाढलं. शिबिराला पैसे देणाऱ्या कंपनीची ती बाई बोटं चाटत होती. तुझा होणारा सासरा, धुळ्याचा प्रेमराज भाऊ, "बठ्ठं झकास शे ताई, बठ्ठं झकास शे" म्हणत पुन्हा पुन्हा वाढून घेत होता. मला वाढताना ओकारी येत होती. वांग्याची नाही. तुझी.

आता नीट ऐक, कारण त्या दिवशी तुझ्या गळ्यात माईक होता आणि माईकवाल्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

आदल्या दिवशी तू आलास. म्हणालास, अपंगांच्या केंद्रातली दोन मुलं आली नाहीत, कंपनीवाल्यांना जेवढी सांगितली तेवढी दिसली पाहिजेत, तर आपल्या मयुरीला त्यांच्यात बसव. मी म्हटलं, बसव की, तिलाही बाहेर पडायला मिळेल. मग हळूच म्हणालास, "फक्त तिला आपली म्हणू नको. धुळ्याची माणसं येणारेत. लग्न होऊ दे, मग मी सावकाश सांगतो."

सावकाश. बघायला आले तेव्हा तिला जामनेरला वच्छलामावशीकडे पाठवलीस. साखरपुड्याला पुन्हा जामनेर. त्या पोरीला आता वाटतं, घरात गोड केलं की आपल्याला जामनेरला जायचं असतं.

आणि तिला काय सांगितलंस? "मयुरी, उद्या एक खेळ आहे. आपण ओळख दाखवायची नाही. मी भाऊ नाही, आई आई नाही. जो ओळख दाखवेल तो बाद." बावीस वर्षांची आहे ती. जीभ जड आहे, डावा हात आखडलेला आहे, डोकं आखडलेलं नाही. पण भाऊ सांगतोय म्हटल्यावर तिने खेळ मानला. तिच्याशी कुणी खेळतंच कुठे, म्हणून जीव लावून खेळली. मी पुरी वाढत तिच्या पानापाशी आले. शेजारी प्रेमराज भाऊ बसलेला. मी विचारलं, "नाव काय गं बाई तुझं?" ती म्हणाली, "मयुरी." आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली, म्हणजे आई, तू पण छान खेळतेस.

तिथेच कढईत हात घालावा वाटलं मला.

दोरीवर चालायचा खेळ होता तेव्हा केंद्रातल्या मुलांना खाली सतरंजीवर बसवलंत. "तुम्ही टाळ्या वाजवा." कंपनीच्या साहेबाने त्यांच्याशी हात मिळवले, फोटो झाला, आणि झाडामागे जाऊन हाताला ते औषध चोळलं. मी भांडी घासत होते, मला झाडामागचंच दिसतं. निघताना त्या मुलांचे टीशर्ट काढून घेतलेत, पुढच्या शिबिराला लागतील म्हणून. थंडीत पोरं गंजिफ्रॉकवर टेम्पोत बसली. मयुरीने दिला नाही. पोटाशी धरून बसली. अजून तोच घालतेय, छातीवर "सगळे आपले".

आणि माईकवर तू तिला उभी करून काय म्हणालास? "ही मयुरी, आमची लाभार्थी." लाभार्थी हा शब्द मी रेशनच्या दुकानावर वाचलाय.

काल तिने मला विचारलं, "आई, खेळ संपला का?" मी म्हटलं, भाऊला विचारते. तर विचारतेय. सांग.

बेबाबाई
(भरीत करणारी)


असोदा, ३० डिसेंबर

हितेंद्र,

उत्तर कागदावर दिलं नाहीस, नवलमामाच्या तोंडून पाठवलंस. बिचारा गाडीवरून थंडीत कुडकुडत आला, चहा पण न घेता बोलत सुटला. त्याला वाटलं पटकन बोललं की कमी लागेल.

तुझं म्हणणं असं. लग्नात दीपमाला करवली होईल, वच्छलामावशीची लेक. मयुरीने जामनेरला थांबावं. गर्दीत तिला त्रास होईल. आणायचीच असेल तर संस्थेच्या मुलींबरोबर आणावी, एका बसमध्ये.

नवल हे सांगत असताना तुझे बाबा ओट्यावर केळीचे दोर वळत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "नवल, तुह्या भाच्याले सांग, त्या बसमधी एक जागा माह्यासाठी ठेव. मी बी लाभार्थी." नवल हसला. बाबा हसले नाहीत, तेव्हा तो गाडीची किल्ली चाळवत बसला.

मी विचारलं, करवली म्हणून मयुरी का नको ते नीट सांग. नवरदेवाच्या मागे त्याची सख्खी बहीण पाण्याने भरलेला कऱ्हा घेऊन उभी राहते हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या लग्नात नवलच्या पाठची मालू उभी होती, नाक वाहत होतं तिचं, कुणाला त्रास झाला नाही. नवल खाली बघून म्हणाला, "अक्का, तो म्हणे तिच्या हातातून कऱ्हा पडेल. भर मांडवात पाणी सांडलं म्हणजे अपशकुन. लोकं नाव ठेवतील."

अपशकुन. तोंडातून आलं तरी कसं तुझ्या. त्या दिवशी माईकवर "अंधश्रद्धा सोडा, माणूस धरा" असं तूच ओरडत होतास ना? मी कांदा चिरत होते, पण कान उघडे होते.

आणि पाण्याचंच म्हणशील तर पाण्याचं ऐक. तू त्या वेळी ड्रोन उडवणाऱ्या पोराला ओरडत होतास, तू बघितलंच नाहीस.

तो कळशीचा खेळ तुमचाच होता. दोघांची जोडी, एकाच्या डोळ्याला पट्टी, काठोकाठ भरलेली कळशी दोघांनी धरायची आणि बांधावरून विहिरीपर्यंत जाऊन परत यायचं. जोड्या लावणाऱ्या पोरीला काय माहीत, तिने मयुरी आणि चारुलता एकत्र केल्या. तुझी होणारी बायको आणि तुझी बहीण. पट्टी चारुलताच्या डोळ्याला. मयुरी तिला सांगत होती, "हळू. दगड. आता ओल." तिला एक शब्द बोलायला किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे. चारुलता प्रत्येक शब्दाला थांबत होती. ओढत नव्हती. धुळ्याला दवाखान्यात नर्स आहे, तिथलं असेल वळण, किंवा मुळातलं असेल.

अर्ध्या बांधावर कळशी कलली आणि सगळं पाणी दोघींच्या अंगावर. मयुरी घाबरून मटकन खाली बसली. चारुलताने पट्टी वर सरकवली, भिजलेल्या साडीकडे बघितलं, ती पण शेजारी चिखलात बसली. म्हणाली, "सांडलं तर सांडलं. चल, परत भरू." आणि परत भरली. बाकीच्या जोड्या सावलीत जाऊन बसल्या तेव्हा या दोघी बांधावरच होत्या. दुसऱ्यांदा पण अर्धी सांडली. मयुरी एवढी हसत होती की तिला उचकी लागली.

तुझ्या अख्ख्या शिबिरात खरं तेवढंच झालं, आणि त्याचा फोटो नाही.

आता एक सांगते, नाहीतर तू म्हणशील लपवलं. त्या दोघी भिजून परत आल्या तेव्हा मी चुलीपाशी होते. मयुरीचं ते तोंड बघितलं आणि माझे हात आपोआप वर गेले. तिच्या गालावरून फिरवले आणि माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तू लहानपणी वर्गात पहिला आलास तेव्हा मोडायची तशी. मग एकदम आठवलं, आपण ओळखत नाही हिला. हात पदराला पुसले आणि वांगी उलटायला बसले. चारुलता बघत होती. परक्याच्या पोरीची बला कुणी अशी घेत नाही, हे धुळ्यात पण कळत असणार.

मयुरीला वाटलं मी बाद झाले. आजवर चिडवते, "आई, तू बाद."

तर मी बाद. तू अजून खेळतोयस. दीपमालाला करवली करायची ती कर, गुणी पोर आहे. मयुरी जामनेरला जाणार नाही. आजच सांगून ठेवते.

आई


असोदा, १९ जानेवारी २०२५

हितेंद्र,

संक्रांतीला आला नाहीस. तिळगुळाचा फोटो पाठवलास बाबांच्या मोबाइलवर. फोटो खाता येत नाही.

मयुरीचं सांगते, विचारलं नाहीस तरी. शिबिरानंतर तिला बाहेरचं वेड लागलंय. आधी ओट्याच्या खाली उतरायची नाही, लोकं बघतात म्हणून. आता सकाळी छोटी कळशी घेते, उजव्या हाताने काखेत धरते, आणि कापूस वेचणाऱ्या बायांना पाणी न्यायला निघते. पोचेपर्यंत निम्मं सांडतं. परत भरते. बायांनी पहिल्या दिवशी खुसखुस केली, "बेबाबाई, बाग तर भिजलीच, आता रस्ता बी भिजवू राह्यली का तुही पोर?" मी काही बोलायच्या आत मयुरी म्हणाली, "रस्त्याला. पण. तहान. लागते." बाया हसल्या, पण तिच्यासोबत हसल्या. आता ती गेली नाही तर विचारतात, पाणीवाली कुठे आज.

म्हणजे तुझ्या त्या धंद्यात काहीतरी आहे. मोकळ्यावर नेलं, चिखलात बसू दिलं, पडू दिलं, तर माणूस उभं राहतं. हे मला तुझ्यामुळे कळलं आणि त्याचाच संताप जास्त येतो. औषध खरं आहे. तू ते गावोगाव वाटत फिरतोस आणि घरच्या पोरीला रिकामी बाटली दाखवतोस.

आता मुद्दा. आपल्या घरी एक माणूस येऊन गेलं. कोण ते मी सांगणार नाही, तसं ठरलंय. मी एवढंच सांगते, की तू धुळ्याला जा, प्रेमराज भाऊसमोर बस, चारुलतासमोर बस, आणि तुझ्या तोंडाने सांग की मला एक बहीण आहे. लगेच सांग. का म्हणून विचारू नकोस. आई सांगते म्हणून सांग, आणि आईला मानत नसशील तर भीतीने सांग.

तुझी बाजू मी विचार करून बघितली. झोपाळ्यावर बसून शांतपणे बघितली. तू म्हणशील, मोडली असती सोयरीक. आपल्याकडे मोडतात, घरात असं माणूस आहे म्हटल्यावर चहा अर्धा ठेवून उठतात. खरं आहे. तुझ्या आधीच्या दोन ठिकाणी झालंय तसं, मी विसरले नाही. त्या वेळी तू रडला होतास, ते पण विसरले नाही. पण मग त्या अर्धा चहा ठेवणाऱ्या लोकांना बदलायला म्हणून तू ही संस्था धरलीस ना? की त्यांच्यात जाऊन बसायला?

उत्तर नको. धुळ्याला जा.

आई


असोदा, ११ फेब्रुवारी

हितेंद्र,

हे पत्र नवलमामा तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोर उभा राहील. मी तसं सांगितलंय.

तू गेला नाहीस. मी वाट बघितली. आता ठरल्याप्रमाणे सांगते.

घरी आली होती ती चारुलता. एकटी, एसटीने, जळगावला उतरून रिक्षाने. मी शेतात होते. दारात मयुरी उभी, अंगात तोच टीशर्ट. चारुलताने विचारलं, "मयुरी, तू इथे राहतेस?" मयुरीने मान हलवली नाही, काही नाही. म्हणाली, "मी. नाही. सांगणार. खेळ. चालू आहे."

मी आले तेव्हा चारुलता पायरीवर बसलेली. डोळे लाल. मला म्हणाली, "आई, कुणाशी खेळ चाललाय हा?" मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. जामनेर पण. झाकून ठेवायला माझ्याकडे आता फडकं उरलं नव्हतं.

आणि तुला खरं सांगते, मी तिला म्हटलं, बाई, नको करू हे लग्न. मी त्याची आई असून सांगते. आज बहिणीला ओळखत नाही, उद्या तुला दुखलं-खुपलं, तुझं पोर थोडं वेगळं झालं, तर तुलाही कुठल्यातरी जामनेरला पाठवेल.

तिने भाकरी मागितली. दूध-भाकरी खाल्ली, मयुरीसोबत पाणी घेऊन शेतात गेली, परत आली तेव्हा साडी भिजलेली. म्हणाली, "मी त्याला विचारणार नाही. विचारल्यावर कुणीही सांगतं. तो आपणहून सांगतो का बघते." म्हणून मी ते मागचं पत्र लिहिलं. त्यात जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं. तुला वाटलं आई बडबडते.

तुला तुझी भीती होती ना, धुळ्याची माणसं मोडतील? चारुलताने घरी सांगितलं. तिची आई थोडी रडली, मी नाकारत नाही. प्रेमराज भाऊने मला फोन केला. मी मन घट्ट करून ऐकायला बसले, आता मोडलं म्हणतो. तो म्हणाला, "ताई, पोर शे ती. झाकाले काय चोरीना माल शे?" मग म्हणाला, "पोऱ्यावर राग शे मना. पोरवर नही."

म्हणजे ज्या दाराला तू एवढा घाबरत होतास ते उघडंच होतं. तू ढकलून बघितलं नाहीस.

आता लग्नाचं. मोडलेलं नाही. चारुलता म्हणाली, हे तुला आधी कळवायचं, आयत्या वेळी फसवायचं नाही. "आपण तसलं करायचं नाही, आई." म्हणून हे पत्र. माझ्या मनात असतं तर मी कळवलं नसतं.

तुझ्या मागे दीपमाला उभी राहील, तुझ्या मनासारखं. चारुलताला सख्खी बहीण नाही. नवरीच्या मागे पण करवली लागते. तिने मयुरीला विचारलं. मयुरी आधी नको म्हणाली. "पडेल," म्हणाली, "भाऊ. रागवेल." चारुलता म्हणाली, "पडलं तर पडलं. परत भरू."

आता रोज संध्याकाळी आपल्या अंगणात सराव चालतो. तांब्याचा कऱ्हा, आत पाणी, वर नारळ, मयुरीच्या उजव्या हातावर. तुझे बाबा ओट्यावर बसून तोंडाने मंगलाष्टकं म्हणतात, सगळी चुकीची. सावधान म्हटलं की पोर दचकते आणि पाणी सांडतं. बाबा म्हणतात, "सांडू दे, मांडवातली धूळ बसीन." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

टीशर्ट तिने काल धुवून घडी करून ठेवला. तिला साडी नेसायची आहे. मी विचारलं, मग खेळ संपला का गं? म्हणाली, "नाही. भाऊने. सांगितलं नाही. अजून."

मी तिला सांगू शकले असते. चारुलता सांगू शकली असती. सांगितलं नाही. ते आमचं काम नाही.

तर असं होईल. तू पाटावर उभा राहशील, मध्ये अंतरपाट. तो निघेल तेव्हा समोर चारुलता असेल, हातात माळ. ती घालायची की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही, तसं तिने मला स्पष्ट सांगितलंय, आणि मी तिला काही समजावणार नाही. तिच्या मागे तुझी बहीण उभी असेल. ती तुला ओळख दाखवणार नाही. सगळ्या मांडवासमोर, तुझ्या संस्थेच्या आणि कंपनीच्या लोकांसमोर, तोंड घट्ट मिटून उभी राहील, नारळ हलेल, पण हूं का चूं करणार नाही. तुला जिंकवायला.

माईक तिथेही असेल. तुला सवय आहे. तिचं नाव घे, ती तुझी कोण ते सांग, आणि तिला सांग की खेळ संपला.

वर चिरंजीव लिहायचं राहिलं. ते मी मांडवातून परत आल्यावर लिहीन, नाहीतर नाही.

तुमची दोघांची आई